अंजूनं न घेतलेलं नाव

अनसिंगच्या पलीकडच्या वस्तीवरची अंजू वाशीमच्या बसस्टँडमागच्या गल्लीत टॅटू काढते. दुकान म्हणजे काय, एका मोबाईलवाल्यानं भाड्यानं दिलेली ओसरी. एक खुर्ची, एक दिवा, मशीन, आणि भिंतीवर वाघ, विंचू, मोर, त्रिशूळ, बदाम अशी चित्रं. पाटीवर 'अंजू टॅटू' असं मोठ्या अक्षरात लिहिलंय. पण खेड्यापाड्यातून बाजाराला आलेल्या बाया पाटीकडे बघतही नाहीत. 'गोंदून देता का वो?' असंच विचारतात, आणि अंजूलाही तेच गोड लागतं.

ही कला तिला आईकडून आली. आई रामीबाई, धनजची. सात सुया दोऱ्यानं बांधायच्या, दिव्याची काजळी खलायची आणि जत्रेत एखाद्या लिंबाखाली बसायचं, एवढंच तिचं भांडवल. बाया ओरडू नयेत म्हणून ती गोंदताना गाणी म्हणायची, आणि गाणं संपलं की ठेवणीतला उपदेश करायची, "माणूस मेलं का दागिने लेक काढते, लुगडं सून काढते. गोंदन मातर कोनाच्या बापाले काढता येत नाई. थे संगं येते." अंजूच्या लग्नात रामीबाईनं लेकीच्या डाव्या हातावर जावयाचं नाव गोंदलं. नाव होतं देवानंद. रामीबाईला वाचता कुठं येत होतं? कोणीतरी कागदावर लिहून दिलं, त्यावर नजर ठेवून तिनं एकेक रेघ उतरवली. सगळं जमलं, फक्त अनुस्वाराचा ठिपका राहिला. लग्नात आलेला एक मास्तर म्हणाला, "हे तर देवानद झालं." रामीबाई म्हणाली, "ठिपक्याचं काय एवढं? माणूस पुरा हाय ना?"

आता हे नाव हातावर कशाला गोंदायचं, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. त्या वस्तीवर बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणे. वस्तीवर एकीच्या नवऱ्याचं नाव गुलाब, तर ती गुलाबजामला 'ते पाकातलं' म्हणते. दुसरीच्या नवऱ्याचं नाव सोमला, ती सोमवारला 'मंगळवारचा आदला दिवस' म्हणते. मग दवाखान्यात, शाळेत, कचेरीत कोणी 'पतीचं नाव काय' विचारलं, की बाई मुकाट्यानं हात पुढं करते. वाचा म्हणते. नाव न घेता नाव सांगायची ही सोय होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या ती बिनबोभाट चालली. दाणा येईपर्यंत.

दाणा आला तो कंपनीच्या गोदामाबरोबर. त्याआधी बोटं टेकवायची मशीन होती. पण या भागातल्या कामकरी माणसाच्या बोटांवर रेषा राहतात कुठं? सोयाबीन सोंगायचं, पऱ्हाट्या उपटायच्या, विटांच्या भट्टीवर जायचं, उरल्यासुरल्या रेषा भांडी घासताना जायच्या. मशीनवर बोट ठेवलं की ती गोड आवाजात म्हणायची, 'पुन्हा प्रयत्न करा.' रेशनला तेच, हजेरीला तेच. माणूस समोर उभा, ओळखणारे चौघं शेजारी उभे, आणि मशीन म्हणते हा कोण मला माहीत नाही. त्यामुळे कंपनीनं जेव्हा सांगितलं, की मनगटाच्या आतल्या बाजूला कातडीखाली तांदळाएवढा दाणा बसवतो, मग बोट नको की कागद नको, नुसता हात दाखवला की फाटक उघडेल, हजेरी लागेल, रेशन मिळेल, बसचं तिकीट निघेल, तेव्हा लोकांना आनंदच झाला. सक्ती अजिबात नव्हती. तसा बोर्डच लावला होता. फक्त दाणा नसलेल्यांची रांग वेगळी होती, आणि ती रांग दुपारपर्यंत जागची हलत नव्हती.

अंजूच्या सासऱ्यानं, दौलतसिंगनं, सगळ्यात आधी टोचून घेतला. फाटकासमोर हात धरायचा, फाटक उघडलं की मागं वळून लोकांकडे बघायचा, मग परत यायचा आणि पुन्हा उघडायचा. पहारेकऱ्यानं हाकललं तेव्हा थांबला. आयुष्यात पहिल्यांदा एखादं फाटक त्याला ओळखत होतं, त्याचं तरी काय चुकलं?

नवरा-बायकोसाठी कंपनीची वेगळी योजना होती, जोडीचा दाणा. जोडी लावली की कॉलनीतल्या खोलीसाठी नंबर लागायचा, आणि एकमेकांच्या फोनमध्ये एकमेकांचा हिरवा ठिपका दिसायचा. देवानंद आणि अंजू दौलतसिंगला आणि सासूला, गोमतीबाईला, घेऊन केंद्रावर गेले. तिथल्या बाबूनं समजावलं, की पुढं कधी दाणा झोपवायचा असेल, म्हणजे फाटक-हजेरी चालू ठेवून नुसता ठिपका बंद करायचा असेल, तर एक शब्द लागतो. तो आत्ताच मशीनला सांगायचा. विसरायला नको म्हणून सोपं करून ठेवलंय, नवऱ्यानं बायकोचं नाव सांगायचं, बायकोनं नवऱ्याचं.

ज्या कोणा हुशारानं हे ठरवलं असेल, त्याला वाटलं असेल, नवऱ्याचं नाव कोणती बाई विसरेल? विसरत नाही हो. घेत नाही.

देवानंद मशीनसमोर वाकला आणि मोकळ्या गळ्यानं म्हणाला, "अंजू." लाल दिवा हिरवा झाला. मग अंजूची पाळी आली. मागं सासरा उभा, त्याच्यामागं अर्धी वस्ती. अंजूनं पदर दातात धरला आणि रिवाजाप्रमाणे डावा हात पुढं केला. बाबू वैतागला. "बाई, मशीनला वाचता येत नाही. बोला. बोला लवकर, दिवा लागलाय." अंजूनं पदराआडून काहीतरी पुटपुटलं. मशीननं ते घेतलं, दिवा हिरवा झाला, सुई टोचली, आणि रामीबाईच्या गोंदणाच्या खाली बोटभर अंतरावर दाणा बसला. आपण काय बोललो हे केंद्राच्या पायऱ्या उतरेपर्यंत अंजू विसरूनही गेली. नाव घ्यावं लागलं नाही, एवढंच तिला पुरे होतं.

पहिले काही महिने ठिपका दोघांना गोडच वाटला. देवानंद गोदामात काम करायचा आणि मधल्या सुट्टीत फोन करायचा, "पोचली ना दुकानात? दिसलं मले." अंजू लाजायची. तिला कोणी इतकं बघितलंच नव्हतं आजवर. मग एक दिवस त्यानं स्वतःचा दाणा झोपवला. फोनची बॅटरी खाते म्हणाला. केंद्रावर गेला, मशीनला 'अंजू' म्हणाला, झालं. त्यानंतर अंजूच्या फोनमध्ये नवऱ्याचा ठिपका कधी दिसला नाही. तिचा मात्र त्याच्या फोनमध्ये दिसत राहिला.

देवानंद वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. दारू नाही, हात उगारणं नाही. फक्त विचारायचा. "बाजारात एवढा वेळ काहून थांबली?" "स्टेशनाकडून काहून आली?" "तथीसा कोन राह्यते?" अंजू खरंच सांगायची. बांगड्या बघत होते. ऊन होतं म्हणून सावलीच्या रस्त्यानं आले. मैत्रीण भेटली. पण खरंसुद्धा रोज सांगावं लागलं की खोट्यासारखं वाटायला लागतं. सांगायला नको म्हणून अंजू बांगड्यांच्या गल्लीत वळेनाशी झाली. मैत्रीण लांबून दिसली तर मान खाली घालू लागली. दुकान ते बसस्टँड, बसस्टँड ते घर, एक सरळ रेघ. घाण्याच्या बैलाला निदान गोल फिरायला मिळतं.

एकदा तिनं धीर करून नवऱ्याला म्हटलं, "माह्याबी दाना झोपवू म्हनते."

"काहून?" देवानंद म्हणाला. "कुठं जायचं हाय तुले?"

कुठं जायचं होतं तिला? कुठंच नाही. तेच तर तिला सांगता येईना.

आणि गंमत बघा, या सगळ्यात तिचं दुकान मात्र तेजीत होतं. गोदामातली पोरंपोरी तिच्याकडे दाण्यावर गोंदून घ्यायला यायची. मनगटावरचा तो उंचवटा त्यांना तसाच ठेवायचा नव्हता. कोणी त्याला विंचवाची नांगी करायचं, कोणी मोराचा डोळा. एका बाईनं तुळशीच्या मंजिऱ्या काढून घेतल्या. एकानं हरभऱ्याचा घाटा काढून घेतला, असा की दाणा नेमका घाट्यात बसला. अंजूनं त्याला विचारलं, "एवढं दुखून घेऊन काय भेटते रे तुमाले?" तो म्हणाला, "काकू, दाना कंपनीचा हाय. वरचा घाटा माह्या हाय." अंजू त्या दिवशी घरी जाईपर्यंत तेच वाक्य घोळवत होती. दौलतसिंग गेला तेव्हा राखेत त्याचा दाणा जसाच्या तसा चकाकत सापडला होता, आणि कंपनीचा माणूस येऊन तो घेऊन गेला होता. रामीबाई म्हणायची तेच खरं. संगं येतं ते गोंदण. पण जिवंतपणी सोबत करतो तो दाणा, त्याचं काय करायचं?

तिनं स्वतःच काढून टाकावा, असं तिच्या मनात आलं नव्हतं असं नाही. पण कातडीची तिला चांगली जाण होती. तिची सुई जाते त्याच्या कितीतरी खाली दाणा होता, शिरेला चिकटून. वस्तीवरच्या एकीनं ब्लेडनं प्रयत्न केला होता, तिची दोन बोटं अजून वळत नाहीत.

अशात नीताचं लग्न ठरलं. नीता अंजूची एकुलती एक लेक, कॉलेज झालेली, बोलायला फटकळ. मुलगा बबलू, त्याच गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो, स्वभावानं गरीब. बबलूचे वडील गोविंदसिंग आणि आई चंदाबाई सुपारी फोडायला आले आणि जाताजाता म्हणाले, "हळदीच्या आधी जोडीचा दाना घेऊन टाकू. कालनीतली खोली भेटून जाईन."

पाहुणे गेल्यावर अंजूनं लेकीला स्वयंपाकघरात गाठलं. "तू दाना घेऊ नोको."

"काहून?"

"नोको म्हनलं ना."

नीता हसली. तिनं आईचा डावा हात धरून उताणा केला. "हे काय हाय? पप्पाचंच नाव हाय ना? तुले नाव चालते, मले दाना काहून चालत नाई? अन् खोली भेटते आई. सासूसंग एका खोलीत राहू का म्या? दाना नाई घेतला तर त्या कालनीचं फाटकबी नाई उघडत."

"गोंदन मुकं रायते, पोरी. थे चुगली करत नाई."

"माह्या बबलू तसा नाई."

तुझा बापही तसा नव्हता, हे लेकीला सांगायचं कसं? आणि सांगून ती ऐकणार थोडीच होती. अंजूनंही अठराव्या वर्षी कोणाचं ऐकलं नव्हतं. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. स्वतःचं जे झालं ते झालं, पण आपल्या डोळ्यांदेखत नीता एक सरळ रेघ होणार, हे तिला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी तिनं ठरवलं. आधी आपला दाणा झोपवायचा, मग नीताला दाखवायचं, बघ, हा झोपतो, हा झोपवता येतो, तू कसा झोपवायचा ते शिकून घे. दुकानातून निघून ती केंद्रावर गेली. तिथं आता जुन्या बाबूच्या जागी राखी नावाची मुलगी बसत होती, सरळ मनाची.

"शब्द सांगा काकू," राखी म्हणाली.

अंजूनं दाराकडे बघितलं. कोणी नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात जे केलं नव्हतं ते तिनं केलं. मशीनला तोंड लावून अगदी हळू म्हणाली, "देवानंद."

दिवा लालच राहिला. 'आवाज जुळला. शब्द जुळला नाही.'

"वेगळं काही सांगितलं असंल तुमी तवा," राखी म्हणाली. "लय बायांचं असंच हाय. काल एक आजी येऊन गेल्या, चार-पाच नावं घेऊन पाह्यली बिचारीनं. नवीन शब्द टाकता येते, पन आधी जुना सांगा लागते."

तेवढ्यात अंजूचा फोन वाजला. देवानंद. "केंद्रावर काहून गेली वो? काही लफडं झालं का?"

"नीताच्या दान्याचं इचाराले आली," अंजू म्हणाली. आणि हे खोटंही नव्हतं, म्हणून तिला आणखीच रडू आलं.

घरी आल्यावर ती सासूजवळ जाऊन बसली. गोमतीबाई आता थकली होती. पण तिची स्मरणशक्ती अशी, की कोणाच्या लग्नात कोणी आहेर परत दिला हे साल-वारासकट सांगावं. अंजूनं विचारलं, "आत्याबाई, त्या दिवशी दाना बसवला तवा म्या मशीनले काय म्हनलं, तुमाले आठवते काय? तुमी माह्या जवळच उभ्या होत्या."

गोमतीबाईनं डोळे बारीक केले. मग हसायला लागली, ती थांबेना. "अवो, तू नाव कुठं घेतलं? तू म्हनलं, 'मामाजी उभे हायेत, कसं सांगू?'"

अंजूही हसली. हसता हसता तिच्या लक्षात आलं, की आपल्या सुटकेचा शब्द हाच आहे, आणि तिचं हसणं तिथंच थांबलं.

ती पुन्हा केंद्रावर गेली. राखीनं मशीन पुढं केली. "मामाजी उभे हायेत, कसं सांगू," अंजू म्हणाली. शब्द जुळला नाही. जरा घाबऱ्या आवाजात म्हणाली. जुळला नाही. शेवटी तिनं पदर दातात धरला, मान खाली घातली, मागं सासरा उभा आहे असं मनात आणलं, आणि तशीच पुटपुटली. राखी हसली नाही, हे तिचे उपकार. दिवा लालच राहिला. तेव्हा मशीननं त्यातलं किती ऐकलं, 'मामाजी' ऐकलं की 'कसं सांगू' ऐकलं, का पदरातला नुसता वारा ऐकला, हे आता कोण सांगणार? सासरा असता तर त्याला पुन्हा मागं उभं केलं असतं. तोही गेला होता.

"माह्या अख्ख्या वस्तीच्या बाया अशाच अडकून असतीन," अंजू म्हणाली.

"हो काकू," राखी म्हणाली. "बाप्यांचे दाने पटापट झोपते. बायांचे जागेच हायेत."

अंजू केंद्राच्या पायरीवर बसून राहिली. राग कोणावर काढायचा हेच तिला कळत नव्हतं. कंपनीवर? कंपनीनं तर सोपा शब्द दिला होता. सासऱ्यावर? तो नुसता उभा होता. रिवाजावर? रिवाज म्हणजे तिची आई, तिची सासू, ती स्वतः. तिला स्वतःचीच इतकी चीड आली, की मनगटावर थाप मारावीशी वाटली. फोन वाजला. तिनं उचलला आणि निघाले म्हणून सांगितलं.

नीताच्या दाण्याचा दिवस उजाडला तेव्हा केंद्रावर लग्नाइतकीच गर्दी होती. चंदाबाई नव्या लुगड्यात, गोविंदसिंग फेट्यात. देवानंदनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. गोमतीबाईला खुर्ची दिली होती. बबलूनं मशीनसमोर उभं राहून "नीता" म्हटलं. दिवा हिरवा झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुई टोचताना त्यानं डोळे मिटून घेतले.

मग नीता पुढं झाली. अंजूनं आदल्या दिवशी तिला बजावलं होतं, "नाव घे, दुसरं काही बोलू नोको." नीता म्हणाली होती, "आई, म्या दिवसभर त्याले बबल्या म्हनून हाक मारते. मले कायची लाज?" त्यामुळे अंजू थोडी निर्धास्त होती. पण चंदाबाईनं मध्येच हात वर केला.

"नुसतं नाव कायचं घेते वो? आमच्या घरची सून हाय. उखाना घेऊ दे."

सगळ्यांनी 'उखाणा, उखाणा' असा गलका केला. आणि अंजूनं बघितलं, की नीताचा चेहरा खुलला. पोरगी तयारी करून आली होती. दुपट्टा सावरून ती सुरात म्हणाली, "घेते, मोठाच पाठ केला हाय. वाशीमच्या स्टेशनावर गाडी आली टायमावर…" लोक हसले, वाशीमला गाडी वेळेवर येते यावर कोणाचाच विश्वास नव्हता. "थांबा, थांबा," राखी म्हणाली, "दिवा लावू द्या. मग पयल्यापासून म्हना."

अंजूला पुढचं दिसलं. एवढा मोठा उखाणा. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, पोरगी एकटी इथं येईल, दाराकडे बघेल, आणि गाडी टायमावर आली की फलाटावर आली हे आठवत बसेल. एक शब्द इकडचा तिकडं झाला की 'आवाज जुळला, शब्द जुळला नाही.' लाजून अडकली ती आई, आणि हौसेनं अडकणार ती लेक.

"उखाना नोको," अंजू म्हणाली. "साधं नाव घे."

गलका थांबला. चंदाबाईच्या कपाळाला आठी पडली. "सासऱ्यासमोर उघडं नाव? उखान्यात घेतलेलं चालते, पन असं? आमच्यात नाई चालत."

गोविंदसिंग घसा खाकरून दुसरीकडे बघू लागला. आणि इतका वेळ फटाफट बोलणारी नीता गप्प झाली. तिनं बबलूकडे बघितलं, तो बुटांकडे बघत होता. तिनं बापाकडे बघितलं. देवानंद म्हणाला, "अंजे, कायले तमाशा करून राह्यली? घेऊ दे ना उखाना." राखीचा हात बटणावर होता. नीताची मान हळूहळू खाली गेली, आणि तिचा हात दुपट्ट्याच्या टोकाकडे गेला. दुपट्टा तिच्या ओठांपर्यंत पोचला होता. अंजूला तो पदर ओळखता आला.

ती पुढं झाली. तिनं लेकीच्या हातातला दुपट्टा खाली ओढला. आणि सगळ्या माणसांसमोर, व्याह्यांसमोर, सासूसमोर, नवऱ्याच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "देवानंद."

कोणीतरी 'अगंबाई' म्हटलं.

"देवानंद," अंजू पुन्हा म्हणाली, यावेळी मोठ्यानं. "पाह्यलं? म्या नाव घेतलं. थो पाय, उभा हाय तुह्या बाप. काही झालं का त्याले? आता तू घे. थे नाव तुह्या तोंडात राहू दे पोरी, हातावरबी नोको अन् उखान्यातबी नोको. एक दिवस लागन तुले."

देवानंदचा चेहरा लालबुंद झाला होता. गोमतीबाईनं पदर तोंडावर ओढला, ती पदराआड हसली की रडली ते कोणाला कळलं नाही. राखीनं कोणाला न विचारता बटण दाबलं. लाल दिवा लागला.

नीतानं मान वर केली. "बबलू," ती म्हणाली. स्पष्ट, तिन्ही अक्षरं. दिवा हिरवा झाला.

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. चंदाबाई लग्न होईपर्यंत अंजूशी नीट बोलली नाही, आणि वस्तीवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. पण त्या आठवड्यात अंजूच्या दुकानात एक म्हातारी आली, गोंदायला काही नव्हतं, नुसती बसली. उठताना म्हणाली, "म्याबी घेतलं काल. चुलीसमोर. कोनी नव्हतं." आणि निघून गेली.

नीताच्या दाण्याभोवती अंजूनं हरभऱ्याचा घाटा गोंदला, अगदी नाजूक. नीतानं विचारलं, "अन् तुह्या दान्यावर?" अंजू म्हणाली, "माह्यावर काही नोको. वर आईचं गोंदन हाय, तेवढं पुरे." तिचा दाणा जागाच होता. राखीनं वरच्या कचेरीत विचारून बघितलं, तिथूनही तेच उत्तर आलं, जुना शब्द सांगा.

देवानंद मात्र त्या दिवसापासून घुम्म होता. जेवायचा, कामाला जायचा, विचारायचा काही नाही. अंजूला वाटलं, चला, एवढं तरी मिळालं. नीता सासरी गेली त्यानंतरच्या बाजाराला अंजू दुकान बंद करून निघाली, आणि बसस्टँडकडे न जाता बांगड्यांच्या गल्लीत वळली. घ्यायचं काही नव्हतं. हिरव्या बांगड्यांचा एक चुडा तिनं हातात धरून उजेडात फिरवून बघितला. बांगडीवाली म्हणाली, "लय दिवसांनी वो?"

फोन वाजला.

"कुठं हायेस?"

अंजूनं चुडा जागेवर ठेवला. लग्नापासून ती त्याला 'अवो' म्हणत आली होती, 'नीताचे पप्पा' म्हणत आली होती, आणि काही म्हणायचं नसलं की नुसती हूं म्हणत आली होती.

"तुले दिसूनच राह्यलं ना, देवानंद," ती म्हणाली.

फोन त्यानं ठेवला नव्हता, त्याचा श्वास ऐकू येत होता. अंजूनंही ठेवला नाही. ती गल्लीत तशीच उभी राहिली, आणि त्याच्या फोनमध्ये तिचा ठिपकाही.